आपण कुणाचे तरी आहोत हे कधी जाणवलं? (अनुभव धागा)

धागाकर्ती: बाउमायस्टर आणि लिअरी या मानसशास्त्रज्ञांनी 1995 साली मांडलं, की माणसाला नुसती ओळखपाळख पुरत नाही, वरचेवर भेटणारं, काळजी वाहणारं, टिकणारं नातं लागतं. मला वाटतं, आपल्यावाचून कुणाचं तरी अडायलाही हवं.

वडिलांची बदलीची नोकरी. नव्या शाळेत मी एकटीच डबा खायचे. एकदा खो-खोला नऊ जणी हव्या होत्या, आठच भरल्या. मला ओढून नेलं. चौकोनात बसले, पाठीवर थाप पडली, 'खो!' त्या दिवसापासून मी त्या शाळेची झाले.

तुमचं सांगा. कुणी तोडलं असेल तर तेही.

पायवाट: माऊलींच्या पालखीसोबत आळंदीहून पहिल्यांदा निघालो तेव्हा दिंडीत ओळखीचं कुणीच नव्हतं. लोणंदच्या अलीकडे पायाला फोड आले, मागे पडलो. समाज आरतीला चोपदार दंड उंचावतात आणि सगळा तळ शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार असते तिचे टाळ मात्र वाजत राहतात. त्या संध्याकाळी आमच्या दिंडीचे वाजत राहिले. माणूस हरवला म्हणून! नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, 'निळा सदरा, चष्मा' एवढंच सांगितलं. रात्री लंगडत पोचलो तर मावशी म्हणाल्या, "माऊली, तुमचं जेवण व्हायचंय म्हणून पातेलं घासायचं ठेवलंय. बसा."

लालबागची लेक: आमच्या अण्णांचं उलटं झालं. लालबागला ते गावच्या गाळ्यात राहायचे. खोली एक, माणसं वीस-पंचवीस, भिंतीला ज्याची त्याची ट्रंक. गिरणीच्या पाळीप्रमाणे झोपायचं. जेवण खानावळीच्या काकूंकडे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तो रीतसर मिटलाच नाही. अण्णा गावी परतले. घर त्यांचं, जमीन त्यांची, पण गावाला ते गणपतीत येणारे चाकरमानीच. गावकीच्या बैठकीत त्यांना कुणी काही विचारेना. मुंबईहून कुणी आलं की पहिला प्रश्न, "गाळ्यात आता कोण कोण आहे?"

सुगडं: मिस्टर गेले त्या वर्षी संक्रांतीला सोसायटीतल्या बायका माझं दार सोडून पुढे गेल्या. जिच्या बाळंतपणात मी रात्री जागवल्या, ती शेजारीणही. 2003 च्या एका प्रयोगात संगणकावरच्या चेंडूच्या खेळातून माणसांना वगळलं, तर शारीरिक वेदनेशी संबंधित मानला जाणारा मेंदूचा भाग जागा झालेला दिसला. मला नवल वाटलं नाही. मला खरंच दुखलं होतं.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ते वाचून पुढच्या संक्रांतीला मीच हळदीकुंकू ठेवलं, सगळ्यांना बोलावलं. निम्म्या आल्या. खालच्या मजल्यावरच्या आजींना कितीतरी वर्षांत कुणी कुंकू लावलं नव्हतं. त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या.

धागाकर्ती: ताई, यंदा आमच्याकडेही असंच बोलावणार. उरलेल्या बायका नंतर आल्या का?

सुगडं: काही आल्या. शेजारीण अजून नाही. आमंत्रण दर वर्षी देते.