पीआरके (चष्म्याचा नंबर घालवणारी एक लेसर शस्त्रक्रिया) केलेल्यांनो, मदत हवी आहे

नमस्कार. कॉलेजपासून कॉन्टॅक्ट लेन्स वापरते, नंबर उणे ५. हल्ली ऑफिसच्या एसीत संध्याकाळपर्यंत डोळे इतके कोरडे पडतात की थेंब घातल्याशिवाय लेन्स निघतच नाही. म्हणून लेसर करायचं पक्कं केलंय. लेन्समुळे कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, आकार तात्पुरता बदलतो, त्यामुळे अंतिम मोजमापाआधी सध्या चष्म्यावर आहे. पहिल्या तपासणीत कॉर्निया ४९० मायक्रॉन, म्हणजे जरा पातळ निघाला. डॉक्टर म्हणाले, लॅसिकमध्ये कॉर्नियाचा पापुद्रा (फ्लॅप) कापून उचलतात, तो नको; पीआरके करू, त्यात फक्त वरचा नाजूक थर काढतात. तो थर भरून येईपर्यंत दुखेल.

दुखणं सोसेन हो, पण कोरडेपणा आणखी वाढला तर? मुख्य काळजी तीच आहे. आधीपासून डोळे कोरडे असलेल्या कुणी पीआरके केलंय का? स्क्रीनवर काम कधी जमू लागलं? रात्री गाडी चालवताना दिव्यांभोवती वलयं दिसतात का? कृपया स्वतःचा अनुभव सांगा.