मदत हवी आहे: साध्या शिपायाच्या नजरेतून युद्ध सांगणारं मराठीत काय वाचावं?

नमस्कार मंडळी. उदगीरजवळच्या गावात आमची छोटी अभ्यासिका आहे. भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे 1600 मीटर मारून घामेजलेल्या बनियनवरच जीकेची पुस्तकं घेऊन बसतात. शनिवारी तासभर मी त्यांच्यासमोर काहीतरी मोठ्यानं वाचतो.

सध्या विश्वास पाटलांचं 'पानिपत' चालू आहे. 1760 मध्ये सदाशिवराव भाऊंनी निजामाला हरवलं ते इथं, उदगीरला. पुढच्याच जानेवारीत पानिपत झालं. किल्ला रोज दिसतो, म्हणून पोरं कान टवकारून ऐकतात. परवा एकानं विचारलं, "सर, भाऊ, विश्वासराव, दत्ताजी समदे कळले. पण पोटात अन्न नसताना तलवार धरून उभा राहिलेला, त्याच्या मनात काय चाललं होतं?" मला उत्तर देता आलं नाही. बखरी सरदारांच्या, पोवाडेही बहुतेक त्यांचेच.

तर शिपायाच्या बाजूनं लिहिलेलं सुचवा: आठवणी, पत्रं, कथा, कादंबरी, काहीही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (म्हणजे आजच्या इराकमध्ये), कुत शहराच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. त्यांच्याबद्दल मराठीत काही असेल तर फारच उत्तम. चांगले अनुवादही चालतील. जयजयकाराची पुस्तकं नकोत, ती कपाटभर आहेत! भीती, कंटाळा, घरची ओढ, समोरच्या शत्रूबद्दल काय वाटतं, हे असावं.

आणखी एक. ज्यांना उद्या वर्दी घालायची आहे त्यांना असं वाचून दाखवावं का, यावर काही पालक कुरकुर करतायत. मला तर वाटतं, त्यांनीच आधी वाचावं. फौजेतून निवृत्त झालेले कुणी इथं असतील तर त्यांचं मत जरूर सांगा.