स्पॅनिश पत्रक देऊनही वयस्क रुग्णांच्या गोळ्या चुकतात, काय करावं?

टेक्सासकर_नर्स: आमच्या क्लिनिकमध्ये पासष्टीपुढचे बहुतेक रुग्ण मेक्सिकोतून आलेले, मधुमेह आणि बीपीवाले. पत्रकं स्पॅनिशमध्येच देतो. ते घडाघडा वाचूनही दाखवतात, पण गोळ्यांचा हिशेब लागत नाही. समजलं की नाही हे पटकन कसं ओळखायचं?

अक्षरओळख: वाचून दाखवलं म्हणजे समजलं, हे स्पॅनिशमध्ये धरूच नका. आपल्यासारखीच ती लिहिल्याप्रमाणे वाचायची भाषा. अक्षरं येणारा माणूस अर्थ न कळता कुठलाही शब्द नीट उच्चारतो. म्हणून शब्द मोठ्याने वाचून घेणाऱ्या इंग्रजी चाचण्या तिथे निरुपयोगी ठरतात.

त्याऐवजी 'साल-एस' ही आरोग्यविषयक आकलनाची स्पॅनिश चाचणी वापरा. १८ वैद्यकीय शब्द, प्रत्येकापुढे जुळत्या अर्थाचा निवडायला दोन पर्याय आणि 'माहीत नाही'. १४ किंवा कमी गुण म्हणजे आकलन कमी. दोन-तीन मिनिटांचं काम. आइस्क्रीमच्या लेबलवरची सहा प्रश्नांची 'न्यूएस्ट व्हायटल साइन' स्पॅनिशमध्येही आहे, पण तिच्यात आकडेमोड आहे. दुसरी-तिसरीत शाळा सुटलेल्या आजोबांना ती देऊन उगाच ओशाळं करू नका.

२००३ च्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय पाहणीत ४१ टक्के हिस्पॅनिक प्रौढ आरोग्यविषयक आकलनाच्या सगळ्यात खालच्या पातळीत दिसले, हा आकडा सारखा फेकला जातो. ती पाहणी इंग्रजी साक्षरतेची होती, हे मात्र कुणी सांगत नाही.

काउंटरमागून: चाचणी ठीक, पण आधी बाटलीवरचं लेबल बघा. इंग्रजी 'वन्स' आणि स्पॅनिश 'ओन्से' यांचं स्पेलिंग एकच, आणि 'ओन्से' म्हणजे अकरा! अर्धवट भाषांतर झालेल्या लेबलवर हा शब्द राहिला, तर दिवसाला अकरा गोळ्या असा अर्थ होतो. एकच्या जागी ठळक '1' छापा.

पातळ औषधात 'कुचारादा' म्हणजे मोठा चमचा, १५ मिली. 'कुचारादीता' म्हणजे छोटा, ५ मिली. एका प्रत्ययाने डोस तिप्पट. चमचा हा शब्दच काढा, तोंडाने द्यायची सिरिंज द्या आणि हव्या त्या रेघेवर रंगीत पट्टी चिकटवा. 'दिवसातून तीनदा'ऐवजी सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना असे चार रकाने करा.

पुढच्या भेटीची तारीख ३/४ अशी लिहू नका. आपल्यासारखंच तेही आधी दिवस वाचतात, म्हणजे चार मार्चचा रुग्ण तीन एप्रिलला येणार.

दुभाषी_७: रुग्ण न कळताही मान डोलावतात, त्याबद्दल. डॉक्टरांना उलट विचारणं या पिढीला उद्धटपणा वाटतो, त्यामुळे 'कळलं का?' या प्रश्नाला 'सी' (हो) हेच उत्तर येणार. 'मी नीट सांगितलं की नाही बघायचंय, घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल ते दाखवा,' असं म्हणा. चूक झाली तर तेच वाक्य पुन्हा नको, शब्द बदलून सांगा आणि परत विचारा. एका वेळी दोन-तीनच मुद्दे. आणि 'तू' नको, 'उस्तेद' (आदराचं 'तुम्ही') म्हणा.

नातवाला दुभाषा करू नका. सरकारी निधी घेणाऱ्या क्लिनिकला पात्र दुभाषा फुकट द्यावाच लागतो. अल्पवयीन मुलाकडून भाषांतर फक्त जिवावरच्या तातडीत, तेही दुभाषा लगेच मिळत नसेल तर. १९८० मध्ये फ्लोरिडात 'इन्तोक्सिकादो' या शब्दावरून गोंधळ झाला होता. घरच्यांना खाण्यातून बाधा झाली असं म्हणायचं होतं, डॉक्टरांनी अमली पदार्थ समजून उपचार केले. मेंदूतला रक्तस्राव राहून गेला आणि अठरा वर्षांच्या मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले.

टेक्सासकर_नर्स: आभार. सीमेपलीकडून आणलेली औषधं कशी विचारायची? कोणी कबूल करत नाही.

काउंटरमागून: 'औषधं कुठली घेता?' असं विचारलं तर ती मोजणीतच येत नाहीत. 'दुखल्यावर काय घेता? नातेवाईक काय आणून देतात?' असं विचारा आणि घरातलं सगळं एका पिशवीत घालून आणायला सांगा. त्यात मेटामिझोल हे दुखण्या-तापावरचं औषध हमखास शोधा. अमेरिकेत ते १९७७ मध्ये बंद झालं, मेक्सिकोत मिळतं. पांढऱ्या पेशी अचानक घसरू शकतात, म्हणून ताप आणि घसादुखी असेल तर रक्त तपासा.