संगणक वापराचा नियम तिसऱ्यांदा मोडणाऱ्या सहकाऱ्याबाबत काय करावे?

धागाकर्ता, गांधीबाग

नागपूरच्या गांधीबागेतील एका औषध वितरण संस्थेची संगणक व्यवस्था गेली ११ वर्षे माझ्याकडे आहे. कार्यालय आणि कळमन्याचे गोदाम मिळून ४२ संगणक आहेत. बिलिंग विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी गेल्या आठ महिन्यांत संगणक वापराचा नियम तीन वेळा मोडला. पहिल्यांदा त्यांनी घरचा पेन ड्राइव्ह कार्यालयाच्या संगणकाला लावला, तेव्हा मी तोंडी समज दिली. दुसऱ्यांदा आपला पासवर्ड शेजारी बसणाऱ्या मुलाला देऊन ते लग्नासाठी अमरावतीला गेले आणि दोन दिवस त्यांच्या नावाने बिले निघत राहिली. त्याबद्दल लेखी ताकीद दिली, तिच्यावर त्यांची सही आहे. परवा पुन्हा तोच पेन ड्राइव्ह आढळला, आणि या वेळी त्यातील व्हायरस अँटिव्हायरसने अडवला म्हणून निभावले.

कारणे दाखवा नोटीस द्यावी आणि समाधानकारक उत्तर न आल्यास त्यांना संगणकाच्या कामावरून काढून गोदामात पाठवावे, असे माझे मत आहे. रुग्णालयांच्या मागणीपत्रांवर अनेकदा रुग्णांची नावे असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि तो दंड चूक करणाऱ्या कर्मचाऱ्यावर नव्हे तर संस्थेवर बसतो. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा तो जाळ्यातील एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात आपोआप शिरत होता, कोणाला कशावर क्लिकही करावे लागत नव्हते. एका माणसाची सवय ४२ यंत्रांना महागात पडू शकते. मी कठोर होतो आहे का, हे आपण सर्वांनी मोकळेपणाने सांगावे.

पर्यवेक्षक, बुटीबोरी

आपण कठोर नाही, उलट उशीर केला आहे. आमच्या कारखान्यात प्रेसवरचे संरक्षक जाळीचे झाकण काढून कोणी काम करताना दिसला, तर पहिल्याच दिवशी लेखी नोंद होते आणि दुसऱ्या वेळी त्याला त्या यंत्रावर उभे राहू दिले जात नाही. त्यात राग नसतो, त्याचा हात वाचावा एवढाच हेतू असतो. संगणकाच्या बाबतीत तुटलेले बोट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपण माणसाच्या वयाकडे आणि नोकरीच्या वर्षांकडे पाहून थांबतो. ज्येष्ठाला तीनदा सोडले हे त्या विभागातील प्रत्येक नवा मुलगा पाहत असतो. उद्या त्याच्यावर कारवाई करायची वेळ आली तर तो हेच उदाहरण आपल्यासमोर ठेवेल, आणि तेव्हा आपल्याकडे उत्तर नसेल.

लेखाशाखा, इतवारी

मी इतवारीतील एका घाऊक पेढीत १७ वर्षे बिले करते आहे, त्यामुळे माझे उत्तर खुर्चीच्या दुसऱ्या बाजूने आलेले आहे. धागाकर्त्यांनी तिन्ही प्रसंग नेमके लक्षात ठेवले, कारवाई कोणती केली हेही सांगितले. पण त्या पेन ड्राइव्हमध्ये होते काय, हे एका शब्दानेही सांगितलेले नाही. त्यात सिनेमे होते की कामाच्या फाइली होत्या? माणूस समज मिळूनही तीच गोष्ट पुन्हा करतो, तेव्हा तो बेफिकीर असू शकतो. पण नियम पाळला तर सहा वाजताची गाडी चुकते अशीही परिस्थिती असू शकते, आणि यांपैकी खरे काय ते त्याला विचारल्याशिवाय कळत नाही.

पासवर्डचेही तसेच आहे. आमच्याकडे दर ३० दिवसांनी पासवर्ड बदलावा लागत असे, मागचे सहा पासवर्ड चालत नसत. परिणाम असा झाला की प्रत्येकीच्या कीबोर्डखाली पिवळी चिठ्ठी चिकटवलेली असे आणि तिच्यावर गावाचे नाव, पुढे एक चिन्ह आणि महिन्याचा आकडा लिहिलेला असे. अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे एनआयएसटीने, २०१७ मध्येच सांगितले आहे की पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसताना तो ठरावीक मुदतीने बदलायला लावू नये. माल पाठवताना सरकारी पोर्टलवर काढायच्या ई-वे बिलासाठी आता ओटीपी लागतो. तो एकाच मोबाइलवर येत असेल आणि तो मोबाइल बाळगणारा रजेवर असेल, तर माल गोदामाच्या दारात उभा राहतो. त्या पोर्टलवर प्रत्येकासाठी वेगळे उपवापरकर्ता खाते काढता येते. आपल्या संस्थेने ते काढले होते का?

वॉनाक्रायचे उदाहरण आपणच दिले म्हणून लिहिते. विंडोजमधील ज्या त्रुटीतून तो शिरत होता तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये, म्हणजे दोन महिने आधीच दिलेली होती. ती यंत्रांवर बसवणे बिलिंगच्या माणसाचे काम नव्हते.

धागाकर्ता, गांधीबाग

शेवटचे वाक्य मला लागले, आणि ते खरे आहे. पेन ड्राइव्हमध्ये काय होते हे मी विचारले नव्हते. नियमच मोडला आहे तर आतले पाहून काय करायचे, असे मी धरून चाललो होतो. शनिवारी दुपारी त्यांच्या शेजारी दोन तास बसलो.

खोक्यांवर चिकटवायची लेबले छापणारा प्रिंटर पॅकिंगच्या टेबलाजवळच्या एकाच संगणकाला जोडलेला आहे. पूर्वी बिलिंगच्या संगणकावरून लेबलांची फाइल सामाईक फोल्डरमधून तिकडे जात असे. मागच्या वर्षी सुरक्षेच्या कारणाने ते फोल्डर मीच बंद केले आणि पर्याय दिला नाही. तेव्हापासून हे गृहस्थ दिवसातून १५-२० वेळा उठून, लाल दोरा बांधलेला तो पेन ड्राइव्ह घेऊन, पॅकिंगच्या टेबलापर्यंत जातात. दोरा कशासाठी, असे विचारले तर म्हणाले, घाईत कोणाच्या खिशात जाऊ नये म्हणून. घरी नातवाच्या शाळेचे कागद छापायलाही तोच वापरतात, आणि व्हायरस तिथूनच आला असावा.

ई-वे बिलाची उपखाती काढलेली नाहीत. हेही माझ्याच कामात मोडते.

तरीही पासवर्डच्या प्रसंगाबद्दल माझे मत बदललेले नाही. बिल कोणाच्या नावाने निघाले यावर औषधाच्या परतीचा हिशेब आणि जबाबदारी दोन्ही ठरतात. अडचण होती तर त्यांनी मला सांगायला हवी होती.

पर्यवेक्षक, बुटीबोरी

लाल दोऱ्याची हकीकत वाचून मलाही वाईट वाटले, पण त्याने मुद्दा बदलत नाही. अडचण असेल तर ती वर कळवायची असते, स्वतःच्या मनाने वाट काढायची नसते. आमच्याकडेही जाळी काढल्यावर काम लवकर होते, म्हणून काय जाळी काढायची?

श्रमविषयक वकील, सिव्हिल लाइन्स

येथील कामगार आणि औद्योगिक न्यायालयांत मी बरीच वर्षे काम करतो, म्हणून प्रक्रियेबद्दल थोडे सविस्तर लिहितो. पर्यवेक्षकांची जाळीची तुलना मला पटत नाही. प्रेसची जाळी काय करते ते डोळ्यांसमोर दिसते, तर संगणकाच्या नियमामागचे कारण बहुतेक ठिकाणी कोणी समजावूनच सांगितलेले नसते. माझा पहिला प्रश्न असतो तो हाच, की नियम लेखी आहेत का, आणि ते त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत आहेत का? रुजू होताना इंग्रजीतील आठ-दहा पानांवर घेतलेली सही चौकशीत फार काळ टिकत नाही.

दुसरी गोष्ट पुराव्याची. सर्व्हरवरील नोंद सांगते की अमुक नावाने अमुक वेळी प्रवेश झाला. त्या वेळी खुर्चीत कोण होते हे ती सांगत नाही. ज्या कार्यालयात पासवर्ड हातोहात फिरतो, तिथे ही नोंद कर्मचाऱ्याच्या विरुद्ध तेवढीच दुबळी ठरते, आणि नेमकी म्हणूनच पासवर्डबाबत धागाकर्त्यांचा आग्रह मला योग्य वाटतो. प्रामाणिक माणसालाही त्याचे स्वतंत्र खातेच वाचवते.

तिसरी गोष्ट शिक्षेची. कामगार संघांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यासाठीच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या अधिनियमात, किरकोळ किंवा तांत्रिक स्वरूपाच्या गैरवर्तनासाठी, त्याचे स्वरूप आणि कामगाराची मागील सेवा यांचा विचार न करता, धक्का बसावा इतकी मोठी शिक्षा देऊन कामावरून काढणे ही अनुचित प्रथा मानलेली आहे. येथे कोणी बडतर्फीची भाषा करत नाही, हे मला दिसते आहे. पण बिलिंगमधून गोदामात पाठवणे ही बदली नसून शिक्षाच आहे असा आक्षेप सहज घेतला जाईल. नोटीस द्यायची तर आरोप नेमका लिहावा लागतो, उत्तराला पुरेसा वेळ द्यावा लागतो, आणि तक्रार करणारा स्वतः चौकशी अधिकारी होऊ शकत नाही. धागाकर्ते, हे शेवटचे वाक्य आपल्यासाठी आहे.

काही मालक अशा प्रसंगी पोलिसांत जाण्याची भीती घालतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय व्हायरस शिरू दिल्याबद्दल भरपाईची तरतूद आहे खरी, परंतु कलम ६६ खाली तो गुन्हा होण्यासाठी अप्रामाणिक किंवा कपटी हेतू लागतो. लेबले छापण्याच्या धडपडीत असा हेतू शोधणे अन्याय्य होईल.

संगणक सुरक्षा, मिहान

मिहानमधील एका कंपनीत माझे रोजचे काम हेच आहे, आणि वरच्या चर्चेत सहानुभूती जरा जास्त झाली आहे असे मला वाटते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. मध्यरात्री घटना घडली तर त्या सहा तासांत आम्ही झोपेतून उठून काय काय शोधतो हे लेखाशाखेतील ताईंनी एकदा येऊन पाहावे. कोणाच्या खात्याने प्रवेश झाला हा तेव्हाचा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर "ते लग्नाला गेले होते" असे आले की पुढचा सगळा तपास खोळंबतो.

परंतु पेन ड्राइव्हवर पुन्हा पुन्हा ताकीद देण्याची वेळ यावी हेच मला समजत नाही. यूएसबी पोर्टवर साठवणुकीची साधने चालू न देण्याची सोय विंडोजमध्ये आहे, आणि ती सर्व्हरवरून एकदाच सगळ्या यंत्रांना लावता येते. जो नियम यंत्र स्वतः पाळू शकते, तो माणसाच्या आठवणीवर का सोडावा? वारंवार नियम मोडणाऱ्यांच्या संगणकाच्या पडद्यावर काय चालले आहे याची नोंद घेणारी प्रणालीही बसवावी. म्हणजे कोणी काय केले यावर वादच राहणार नाही.

लेखाशाखा, इतवारी

पोर्ट बंद करा, त्याला माझा विरोध नाही. मात्र लेबलांचा रस्ता आधी मोकळा करा. पडद्याच्या नोंदीला मात्र माझा ठाम विरोध आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. खासगी पेढीला तो कितपत लागू होतो हे वकील सांगतील, पण दिवसभर कोणीतरी आपल्या खांद्यावरून पाहत असल्याच्या जाणिवेने हात कसा चालतो, हे मी अनुभवाने सांगू शकते. बिलातील चूक आम्ही आता उठून सांगतो. नजर बसली की ती चूक लपवली जाईल.

आणि एक प्रश्न, जो विचारायला मला संकोच वाटतो. मालकांच्या केबिनमधील संगणकाला पेन ड्राइव्ह चालतो का?

श्रमविषयक वकील, सिव्हिल लाइन्स

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने रुमानियातील बार्बुलेस्कू यांच्या प्रकरणात निकाल दिला होता. कार्यालयाच्या मेसेंजरवर खासगी संदेश पाठवले म्हणून त्यांना काढले होते. पाळत किती आणि कशी ठेवली जाणार हे आधी सांगितले होते का, याची शहानिशा रुमानियाच्या न्यायालयांनी नीट केली नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही. तरीही, पाळत ठेवायचीच असेल तर आधी लेखी सांगून आणि कामापुरतीच ठेवावी, असा सल्ला मी येथील मालकांनाही देतो.

धागाकर्ता, गांधीबाग

केबिनमधील संगणकाला पेन ड्राइव्ह चालतो. तो पोर्ट मी स्वतः उघडा ठेवला, कारण तसे सांगितले गेले होते आणि मी हो म्हणालो. या प्रश्नावर मी रात्रभर विचार केला. जो नियम मी वर सांगू शकलो नाही, त्यासाठी खालच्या माणसावर नोटीस काढायला निघालो होतो.

आज मालकांशी बोललो. लेबल-प्रिंटर जाळ्यावर घेण्याचे काम गुरुवारी होईल. त्यानंतरच सर्व ४२ संगणकांचे पोर्ट बंद होतील, केबिनचाही त्यात आहे. ई-वे बिलाची उपखाती या आठवड्यात निघतील. नियम एका पानात मराठीत लिहितो आहे आणि प्रत्येक नियमाखाली त्याचे कारण देतो आहे. पासवर्डबद्दलची लेखी ताकीद कायम राहील. स्वतःचे खाते हाती असूनही पुन्हा पासवर्ड दिला गेला तर नोटीस निघेल, आणि चौकशी दुसरे कोणीतरी करील. पडद्याची नोंद घेणार नाही. तिसऱ्या प्रसंगाबद्दल नोटीस काढणार नाही.

पर्यवेक्षक, बुटीबोरी

बाकी सर्व मान्य, शेवटचे वाक्य मान्य नाही. तिसऱ्या वेळेचा कागदच नसेल, तर चौथ्या वेळी आपण पहिल्यापासून मोजणार का?

धागाकर्ता, गांधीबाग

कागद राहील. त्यावर पेन ड्राइव्ह आणि व्हायरस यांची नोंद असेल, त्याखाली लेबले टेबलापर्यंत का न्यावी लागत होती हे त्यांच्याच शब्दांत आणि त्यांच्या सहीने असेल, आणि सामाईक फोल्डर कोणी व कोणत्या तारखेला बंद केले ही ओळ माझ्या सहीने असेल.