'हॉट मेटल'ला मराठीत काय म्हणायचं?

कानामात्रा : पोलादाच्या उत्पादनखर्चावरचा एक अहवाल मराठीत करते आहे. 'हॉट मेटल'ला मी 'लोहरस' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून सगळीकडे 'वितळलेले पोलाद' केलं. आता एक वाक्य असं झालंय : 'वितळलेल्या पोलादाचे प्रमाण घटवून भंगार वाढवल्याने पोलाद स्वस्त पडले.' याला अर्थ काय उरला?

सांडशी : अहो, ते पोलाद नव्हेच. माझी उभी नोकरी कन्व्हर्टरवर, म्हणजे पोलाद करायच्या भट्टीवर झाली. हॉट मेटल म्हणजे झोतभट्टीत (ब्लास्ट फर्नेस) खनिजापासून निघणारा लोखंडाचा रस. त्यात कार्बन चार टक्क्यांच्या आसपास असतो. गार झाला की ठिसूळ, घणाखाली तुटतो. कन्व्हर्टरमध्ये ऑक्सिजनचा झोत सोडून तो कार्बन जाळला की मग पोलाद. त्या जळण्यात इतकी उष्णता निघते की वेगळं इंधन लागत नाही, उलट भंगार टाकून ती आवरावी लागते. साधारण पाचवा हिस्सा भंगार, बाकी रस. झोतभट्टीत लागणारा कोक, म्हणजे दगडी कोळसा भाजून केलेलं इंधन, महागला की रस महागतो, मग भंगार आणखी किती रेटता येईल ते बघतात. तुमच्या वाक्यातली मेख हीच, आणि दुरुस्तीत नेमकी तीच गेली. बोलताना मात्र आम्ही 'हॉट मेटल'च म्हणायचो.

पृथक : 'कच्चे लोखंड' लिहा.

कानामात्रा : बातम्यांत लोहखनिजालाही 'कच्चे लोखंड' म्हणतात. अहवालात खनिजाचा दर वेगळा दिलाय, वाचक गोंधळेल.

ऐरण : 'बीड' का नको? ओतीव लोखंडाला म्हणतात ते.

सांडशी : बीड म्हटलं की ओतून थंड झालेली वस्तू डोळ्यांपुढे येते.

पृथक : मुळात 'पोलाद' तरी कशाला? आपला जुना शब्द 'तिखे', संस्कृत 'तीक्ष्ण'वरून आलेला.

ऐरण : 'पोलाद' आपलाच ना, 'पोळणे'वरून?

पृथक : नाही, फारसी. 'फौलाद' तोच.

ऐरण : असू दे फारसी. 'पोलादी मनगट' सगळ्यांना कळतं. माझे आजोबा कुदळीच्या टोकाला तिखे बसवून पाणी पाजायचे. त्यांच्या लेखी तिखे म्हणजे तेवढा धारेचा तुकडा, बाकीची कुदळ लोखंडच. कारखान्यातून टनांनी निघणाऱ्या मालाला तो शब्द कसा लावणार?

पृथक : वापरल्याशिवाय शब्द रुंदावणार कसा? आपणच तो टाकून दिला.

कानामात्रा : 'कॉस्ट कॉम्पिटिटिव्ह'चंही अडलंय. 'खर्च-स्पर्धात्मक' हे मलाच वाचवत नाही.

सांडशी : आम्ही सरळ म्हणायचो, 'या भावात परवडतं'.

पृथक : परवडणं घेणाऱ्याचं. इथे विकणाऱ्याची गोष्ट आहे.

ऐरण : विकणाराही 'एवढ्यात परवडत नाही' म्हणतोच की!

कानामात्रा : 'परवडणे' घेते. 'लोहरस' परत घातलाय, तपासणाऱ्यांना कार्बनचा आकडाही कळवते.

पृथक : 'रस' म्हणजे आयुर्वेदातल्या रसशास्त्रात पारा, हेही कळवा.

सांडशी : भट्टीसमोर उभं राहून कुणाला पारा आठवत नाही.