होळीचं पुरण: हरभऱ्याचं की तुरीचं?

दांडियाबाजारकर
बडोद्यात मराठी-गुजराती सोयरिकी इतक्या झाल्यात की होळीला कित्येक घरांत एकाच ओट्यावर दोन कुकर चढतात. माझं मत सरळ आहे. पुरण हरभऱ्याचंच. तुरीची ती वेढमी, म्हणजे गुजराती पुरणपोळी. छानच लागते, पण होळी, श्रावणी शुक्रवार आणि गौरींचा नैवेद्य यांना हरभराच हवा. ही डाळ शिजूनही रवाळ राहते, आणि वर कट मिळतो. कटाची आमटी नसेल तर पोळीला तूप वाढूनही काही उपयोग नाही.

मांडवीची सून
कटाचा एवढा तोरा कशाला? तुरीची डाळ जास्त पाण्यात शिजवून वरचं पाणी काढा, त्यात कोकम, गूळ, आलं घाला आणि तुपात जिरं, लवंग, कढीपत्त्याची फोडणी द्या. झालं ओसामण. तूर तासन् तास भिजवावी लागत नाही, तीन शिट्ट्यांत मऊ होते, पुरणयंत्र लागत नाही, रवीने घोटलं की पुरे. तुमच्या हरभऱ्याला दोन-तीन तास भिजत ठेवा, पाच शिट्ट्या द्या, मग यंत्र फिरवायला घरातला एक पुरुष पकडून आणा. तो तर संध्याकाळी होळी पेटवायच्या वेळीच उगवतो!

कणीकतिंब्या
भांडण डाळीचं नाही, पाण्याचं आहे. पोळी फुटते ती पुरण ओलं राहिल्यामुळे. अर्धा किलो हरभरा डाळीला अर्धा किलो गूळ. डाळ शिजल्यावर चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या, मगच गूळ. कच्च्या डाळीत गूळ पडला की ती पुढे नीट शिजत नाही, आणि मग लाटताना एकेक दाणा पोळी फाडतो. पुरणात उलथनं उभं राहिलं की गॅस बंद. यंत्रातून गरम असतानाच काढा, गार झालं की हात मोडतात. तुरीचं पुरण गार झाल्यावर आणखी घट्ट होतं, म्हणून ते जरा सैल असतानाच उतरवा. तिथेही उलथन्याची वाट बघाल तर लाटताना कडेला भेगा पडतील. चिक्कीचा गूळ दोन्हींत नको, पोळी चिवट होते. कणीक सैल भिजवून तेलात तिंबा, दोन तास झाकून ठेवा.

वाडीवाला
दोन्ही डाळी एकत्र लावल्या तर? सासर-माहेर दोन्ही खूश!

कणीकतिंब्या
एकाच भांड्यात नको. तुरीचा लगदा होईपर्यंत हरभरा कच्चाच असतो. वेगळ्या शिजवून तीन वाट्या हरभऱ्यात एक वाटी तूर मिसळा, पुरण मऊसूत होतं.

दांडियाबाजारकर
ही तडजोड गौरींच्या नैवेद्याला दाखवा, मग सासूबाई काय म्हणतात ते इथेच कळवा. पोळी लाटायची पद्धत मात्र ज्याची त्याची: तेलावर लाटलेली पातळ आमची, पिठावर लाटलेली लहान-जाड त्यांची.

मांडवीची सून
त्या लहान-जाड वेढम्या लाटायला सोप्या. तव्यावर टाकताना तुमची तेलपोळी दुमडली की ती नैवेद्याच्या पानातून बाद आणि थेट मुलांच्या ताटात. मुलं म्हणून तुमच्याच बाजूची आहेत, एवढंच!

दांडियाबाजारकर
धुळवडीच्या दुपारी कटाची आमटी जास्त मुरलेली असते. ओसामण काढून दाखवा दुसऱ्या दिवशी.

मांडवीची सून
ओसामण उरतच नाही.