मदत हवी आहे : स्वप्नांच्या कादंबरीचा अनुवाद कोणत्या काळात करावा?

लिसा मॅकमॅन यांच्या 'वेक' (२००८) या किशोरांसाठीच्या कादंबरीतील पहिल्या काही पानांचा अनुवाद मी केवळ सरावासाठी करत आहे. जवळपास कोणी झोपेत स्वप्न पाहू लागले की नायिका जेनी इच्छा नसतानाही त्यात ओढली जाते, आणि मूळ निवेदन वर्तमानकाळात आहे. 'जेनी उठते, दार उघडते' असे सरळ ठेवले, तर ते नाटकातील रंगसूचनांसारखे वाटते; भूतकाळात लिहिले, तर ओढले जाण्याचा तो क्षणच, जो मला सर्वांत मोलाचा वाटतो, बोथट होतो. जागेपण भूतकाळात व स्वप्न वर्तमानकाळात, असेही करून पाहिले. परंतु क्रियापद बदलताच वाचकाला स्वप्नाची चाहूल लागते. निवेदन प्रथमपुरुषी करायचे नाही. अशा वेळी वर्तमानकाळ कायम ठेवून रंगसूचनांचा तो सूर कसा टाळावा?